उजव्या बाजूचे साडभाऊ

आमच्या साडभाऊंनी गेल्या बावीस वर्षांत डाव्या बाजूला म्हणून काही केलेलं नाही. अतिशयोक्ती वाटत असेल तर त्यांच्या शिंप्याला विचारा. तो त्यांच्या सदऱ्यासाठी खांद्यांची दोन मापं घेतो, उजव्याचं वेगळं आणि डाव्याचं वेगळं. पहिल्यांदा घेतली तेव्हा त्यानं टेप दोनदा झटकून पाहिली होती म्हणे. उजवा खांदा तालमीतल्या पैलवानाचा आणि डावा पेन्शनीत निघालेल्या हेडक्लार्कचा. मधे मान एकच, ती बिचारी दोन्ही घरांशी संबंध राखून असते. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, ताईंचे, यजमान. साडूला आमच्या नागपुराकडे साडभाऊ म्हणतात आणि दोन्ही बाजूंनी तेच म्हणतात, त्यामुळे हाक कोणी कोणाला मारली हे नुसत्या आवाजावरून ओळखावं लागतं. त्यांचा आवाज मोठा आहे. माझाही होता, लग्नाच्या आधी.

या सगळ्याचं मूळ कनूत आहे. कनू म्हणजे शर्यतीची नाव. सतरा फूट लांब, आणि रुंदीला, आमच्या सासूबाईंच्या शब्दांत, "पोयपाटाएवढी". तीत बसायचं नसतं. एक गुडघा टेकून, दुसरं पाऊल पुढं रोवून, लग्नात वरमाला घालून घ्यायला वाकलेल्या उंच नवऱ्यासारखं अर्धवट उभं राहायचं असतं. हातात एकच पातं असलेलं वल्हं, आणि ते मारायचं एकाच बाजूला. उजवी की डावी हे सुरुवातीला एकदा ठरतं, मग जन्मराशीसारखं ते बदलत नाही. आता एकाच बाजूला वल्हं मारलं तर नाव गोल फिरणार हे शाळेतलं पोरही सांगेल, आणि सुकाणू तर नसतंच. म्हणून प्रत्येक फटक्याच्या शेवटी मनगटाला एक नाजूक पीळ द्यायचा, की नाव सरळ जाते. हा पीळ साधायला साडभाऊंना दोन वर्षं लागली. ती दोन वर्षं ते तलावात गोल फिरत होते. पहाटे फिरायला येणारी म्हातारी मंडळी आधी हसायची, मग सवयीनं थांबून बघायची, आणि त्यातल्या एका आजोबांनी तर ही कसली तरी प्रदक्षिणा आहे असं समजून काठावर चपला काढल्या होत्या.

तसे ते मूळचे कन्हानचे. नदीच्या काठावर लहानपण गेलेलं, म्हशीच्या पाठीवर बसून पलीकडे जायचं आणि शेपूट धरून परत यायचं, एवढंच जलविहाराचं शिक्षण. पुढं बुटीबोरीला कापडाच्या गिरणीत लागले, तिथं मागांच्या एका रांगेवर आता ते सुपरवायझर आहेत. तिशीला टेकले असताना एका सुट्टीच्या दिवशी तलावावर बाहेरगावच्या मुलांचा सराव बघितला, "जरा बसून पाहू का?" म्हणाले, बसले, आणि एका श्वासात पाण्यात गेले. वर आले ते तोंडातलं पाणी टाकून "पुन्हा" म्हणत आले. बाकी माणसं बुडाल्यावर शहाणी होतात. यांचं उलट झालं.

गुडघ्याचंही तसंच. एकदा गुडघा टेकायची सवय लागली ती लागलीच. कुकरच्या शिट्ट्या मोजताना उजवा गुडघा फरशीवर, पेपर वाचताना फरशीवर, कंपनीच्या बसची वाट बघताना रस्त्याच्या कडेला. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "गुडघा टेकला का डोकं चालते साडभाऊ. उभ्या माणसाचं डोकं पायात जाते." सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात होतं, तेव्हा बाहेर काळजीत असलेले साडभाऊ कॉरिडॉरमध्ये असेच एक गुडघा टेकून, मान खाली घालून होते. दोन वॉर्डबॉय आले, त्यांनी न बोलता त्यांना काखेत धरून उचललं आणि स्ट्रेचरवर ठेवलं. "अरे, मी ठीक आहो गा!" साडभाऊ ओरडले. "सगळेच असं म्हणतात काका," त्यातला एक समजुतीच्या सुरात म्हणाला. आम्ही शोधत पोचेपर्यंत त्यांचं ब्लडप्रेशर मोजून झालं होतं आणि दवाखाना डोळ्यांचा असल्यामुळं दोन्ही डोळ्यांत थेंबही पडले होते. त्या दिवशी सासूबाईंना एका डोळ्यानं स्वच्छ दिसत होतं आणि त्या साडभाऊंचा हात धरून त्यांना रिक्षात बसवत होत्या.

त्यांची नाव त्यांच्या घरातच असायची. दिवाणखान्यात तिरपी टाकली तरच मावायची, टोक स्वयंपाकघरात. त्यामुळं पाहुणे नावेच्या दोन काठांवर बसत आणि चहाचे कप पलीकडच्या काठावर हातोहात पोचवले जात. ताईंनी सुरुवातीला आदळआपट केली, मग संसारी बाई जे करते ते केलं, वापर शोधला. उन्हाळ्यात नाव गच्चीवर पालथी असायची, तिच्यावर धुतलेलं जुनं लुगडं पसरून त्या सांडगे घालायच्या. एका वर्षी एक सांडगा नावेच्या पाठीला तसाच चिकटून राहिला, साडभाऊ तसेच शर्यतीला गेले, आणि चौथे आले. घरी येऊन नाव पुसताना त्यांना तो सापडला. तळहातावर घेऊन ते बराच वेळ त्याच्याकडे बघत होते. मग म्हणाले, "अर्धा सेकंद. याचा अर्धा सेकंद लागला." ताईंनी तो सांडगा शांतपणे त्यांच्या हातातून घेतला आणि डब्यात टाकला.

आता चौथ्या नंबराबद्दल सांगितलं पाहिजे, कारण माणसाच्या आयुष्यात एक तरी गोष्ट नेमकी असावी लागते आणि साडभाऊंची ती होती. ते नेहमी चौथे येत. जिल्ह्यात चौथे, विभागात चौथे. नावा पाच असल्या तरी चौथे आणि नऊ असल्या तरी चौथे. एकदा पुढच्या तिघांपैकी एकाला चुकीच्या रांगेत गेल्याबद्दल बाद केलं. साडभाऊ तिसरे झाले म्हणून आम्ही जिलबी आणायला माणूस पाठवला, तेवढ्यात त्या बाद झालेल्यानं अपील केलं आणि जिंकलं. जिलबी चौथ्या नंबराची खाल्ली. पदकं तीनच असतात, सोन्याचं, चांदीचं, ब्राँझचं. चौथ्याला एक सर्टिफिकेट देतात, त्यावर "सहभाग" असं लिहिलेलं असतं, आणि ते शेवटच्यालाही देतात. दिवाणखान्याच्या भिंतीवर, बरोबर मधोमध, साडभाऊंनी पहिल्या शर्यतीच्या आदल्या दिवशी एक खिळा ठोकून ठेवला होता. पदकासाठी. त्या खिळ्यावर त्यांनी दुसरं काही लावू दिलं नाही. दर जानेवारीत ताई नवं कॅलेंडर घेऊन खिळ्याखाली उभ्या राहत.

"लावू का? तो खिळा नुसता माह्याकडे पाहून राहिला."

"थांब वं. येऊन राहिलं मेडल."

ताई कॅलेंडर घेऊन स्वयंपाकघरात जात. असं वीस वेळा झालं.

साडभाऊ गिरणीतले, त्यामुळं यंत्र पाहिलं की त्यांचे हात शिवशिवतात. पावसाळ्यात तलाव बंद, उन्हाळ्यात पाणी खाली गेलेलं, मग सराव कुठं करायचा? त्यांनी घरातला लोखंडी कूलर फोडला. मोटर काढून टाकली, पंख्याच्या दांड्याला सायकलचं फ्रीव्हील बसवलं, त्यावरून साखळी, साखळीला दोरी, दोरीच्या टोकाला वल्ह्याचा तुटका दांडा. परत ओढायला सायकलची जुनी ट्यूब. मागच्या वऱ्हांड्यात पाटावर गुडघा टेकून दांडा ओढला की पंखा घरघर फिरतो, जितका जोरात ओढाल तितका वारा उलटा अडवतो, आणि पाण्याला ओढल्यासारखं वाटतं. खरंच तसं वाटतं, पुढं माझ्यावरच ती वेळ आली म्हणून सांगतो. एका मे महिन्यात भर दुपारी लाइट गेली. सासूबाई उन्हाळ्यात ताईंकडे असतात. त्या पदरानं वारा घेत घेत वऱ्हांड्यात आल्या आणि पंख्यासमोर त्यांनी बैठक मारली.

"जवाईबापू, डोंगा चालवून राहिले का?"

"हो मामी."

"चालवा, चालवा." पाच मिनिटांनी म्हणाल्या, "वाळ्याची ताटी लावा न समोर. आन् पाणी मारा तिच्यावर."

तेव्हापासून सासूबाई त्यांच्या प्रशिक्षक झाल्या. त्यांचा एकच निकष होता: पदर उडाला पाहिजे. डोक्यावरचा पदर खांद्यावर आला की वेग बरोबर, नुसता हलला तर कमी. "हवा पडली जवाईबापू," त्या डोळे मिटून सांगत आणि साडभाऊ दात-ओठ खाऊन वेग वाढवत. लाइट आली तरी त्या उठत नसत. "त्या पंख्याची हवा मेली असते," म्हणत, "ह्याची जित्ती आहे." सासूबाईंनी तोवर शर्यत कधी बघितली नव्हती. पाण्याची त्यांना भीती. तलावावरून बस गेली तरी त्या खिडकीतून तोंड फिरवतात.

दोन वर्षांपूर्वी हिवाळ्याच्या तोंडावर साडभाऊंचा उजवा गुडघा बोलायला लागला. आधी पहाटे बोलायचा, मग दिवसभर. त्याच रामदासपेठेतल्या दुसऱ्या एका डॉक्टरांनी फोटो उजेडासमोर धरला आणि विचारलं, "या गुडघ्यावर तुम्ही करता काय?" साडभाऊंनी सांगितल्यावर डॉक्टरांनी फोटो पुन्हा उजेडासमोर धरला. गुडघा बदलावा लागणार होता. बदलल्यावर चालता येईल, जिना चढता येईल, पण टेकता येणार नाही, कधीच. साडभाऊंनी एकच विचारलं, "फेब्रुवारीनंतर केलं तं चालन का?" फेब्रुवारीत जिल्ह्याची शर्यत होती. बावीस वर्षांतली शेवटची.

आणि मग बुटीबोरीहून, भर शिफ्टमधून, मागांच्या खडखडाटात मला त्यांचा फोन आला. "साडभाऊ! प्रौढांची जोडीची शर्यत ठेवली आहे! तीनच नावा! ऐकून राहिले का? तीनच! चौथा नंबर काढतोच कोण आता?" जोडीच्या नावेत दोघं, एक उजवा आणि एक डावा. त्या गटाला आमच्या जिल्ह्यात तीनच नावा निघाल्या होत्या, म्हणजे दोनशे मीटर जाऊन नुसती पलीकडची रेघ ओलांडायची होती. लंगडत, रांगत, पुढच्यांच्या नंतर कधीही. बुडायचं नाही एवढी एकच अट. अडचण इतकीच की जोडीच्या नावेत कधीमधी साडभाऊंबरोबर उतरणारा डावा जोडीदार बँकेत होता आणि त्याची बदली दोन महिन्यांपूर्वीच झाली होती.

त्या रविवारी आम्ही ताईंकडे जेवायला होतो. वडाभात होता. बोलता बोलता मी पाण्याचा गडवा डाव्या हातानं उचलला. समोर साडभाऊंचा घास हवेत थांबला. मी जन्मानं डावखुरा. वडिलांनी पट्टी मारून मारून मला उजव्या हातानं लिहायला आणि जेवायला शिकवलं, पण बाकी सगळं हातून डावीकडूनच होतं. पूजेत मी डावा हात पुढं केला म्हणून लहानपणी तीर्थाऐवजी चापट मिळालेली आहे. लग्न ठरताना वडिलांनी हा दोष मुलीकडच्यांना सांगावा की नाही यावर आमच्याकडे बैठक बसली होती. त्या हाताकडे पन्नाशीला पोचल्यावर पहिल्यांदाच कोणी तरी असं बघत होतं, जसं उपवर मुलीचा बाप सरकारी नोकरीतल्या स्थळाकडे बघतो.

"साडभाऊ, तुम्ही डावे आहे!"

"आहे, पण..."

"पोहता येते ना?"

"येतं, पण..."

"झालं मंग." आणि ते जेवायला लागले. माझी बायको हसता हसता ठसक्यानं बेजार झाली. डावखुरा माणूस आणि डाव्या बाजूचा वल्हेवाला यांचा एकमेकांशी तसा काही संबंध नसतो, हे मला पुढं कळलं. साडभाऊंना ते तेव्हाही माहीत होतं. पण गरजवंत माणूस तपशिलात शिरत नाही.

माझा तोपर्यंतचा व्यायाम म्हणजे कचेरीत वरच्या फळीवर फाइल ठेवणं. साडभाऊंनी मला पुढं घेतलं, म्हणजे मागून लक्ष ठेवता येईल. पहिल्या दिवशी मी तलावावरच्या क्लबातून मागून आणलेल्या जोडीच्या नावेत पाय ठेवण्याआधीच पडलो. दुसऱ्या दिवशी पाय ठेवल्यावर. तिसऱ्या दिवशी आम्ही दोघं व्यवस्थित नावेत होतो, काठ सोडला होता, आणि मी "जमलं!" म्हणायला मागं वळलो. नागपूरच्या डिसेंबरच्या पहाटेचं पाणी अंगाला लागलं की माणसाला आपले सगळे पूर्वज एकेक करून आठवतात. पण साडभाऊ कधी चिडले नाहीत. वर येत, पाणी टाकत, "पुन्हा" म्हणत. त्यांचं सगळं शिक्षण एका वाक्यात होतं: "काही झालं तरी हात सोडायचा नाही." वल्हं पाण्यात असलं की ते काठीसारखा आधार देतं, हात सुटला की पोळपाट पालथा. मच्छर चावला तरी हात सोडायचा नाही, शिंक आली तरी नाही. संध्याकाळी वऱ्हांड्यात तेच, कूलरवर; समोर सासूबाई, त्यासाठी हिवाळ्यातही ताईंकडे येऊन राहिलेल्या, शाल पांघरून, केवळ कर्तव्य म्हणून बसलेल्या. "धाकल्या जवायाची हवा लागत नाही," त्या पहिल्या आठवड्यात म्हणाल्या. फेब्रुवारीपर्यंत त्यांची शाल हलायला लागली. माझ्या आयुष्यातलं ते एक मोठं यश मानतो.

शर्यतीच्या दिवशी सासूबाई तलावावर आल्या. दोन्ही जावई एका नावेत असल्यावर घरी बसणं त्यांना बरं वाटेना. शेवटच्या रेघेजवळ काठावर त्यांना प्लास्टिकची खुर्ची दिली, शेजारी ताई आणि ही. त्या पाण्याकडं पाठ करून बसल्या होत्या. ताईंच्या पिशवीत, हे मला नंतर कळलं, खिळ्याला अडकवायचं पदक लगेच पुसून ठेवायला एक मऊ कापड होतं.

शर्यत सुरू झाली. बाकीच्या दोन नावा अशा गेल्या की आम्ही त्यांचा सुटताना पाठलाग केला असं म्हणणंसुद्धा आगाऊपणाचं होईल. आम्हाला काही घाई नव्हती. साडभाऊ मागून फटके मोजत होते, "नऊ, दहा, दबा, अकरा", आणि मी एखादी भरलेली परात डोक्यावर घेऊन चाललेल्या माणसासारखा श्वाससुद्धा दोन्ही बाजूंनी सारखा घेत होतो. तिसाव्या फटक्याला पुढच्या नावा पोचल्याचा भोंगा वाजला. चाळिसाव्याला रेघेचे लाल गोळे दिसले. पन्नासला साडभाऊंचा आवाज बदलला. बावीस वर्षं मी त्यांना ओळखतो, पण त्यांचा आवाज असा हळू झालेला मी कधी ऐकला नव्हता. "आलं साडभाऊ," ते म्हणाले, "आलं, आलं, चोपन्न, पंचावन्न..."

त्याच वेळी काठावर सासूबाई उठून उभ्या राहिल्या. बहुधा पहिल्यांदाच वळून त्यांनी पाण्याकडं बघितलं. डोक्यावर पदर ओढला आणि आमच्याकडं बघून दोन्ही हात जोडले.

आता तुम्हीच सांगा. वडीलधाऱ्या माणसानं आपल्याला आधी हात जोडणं म्हणजे आपलं आयुष्य कमी होणं, हे आईनं मला चालता यायच्या आधी शिकवलेलं. त्यात सासू. त्यात सत्तरी ओलांडलेली. भर चारचौघांत उभी राहून, पदर घेऊन. मला आयुष्याची फिकीर नव्हती, मी विचारही केला नाही; पण पन्नास वर्षांचं वळण दीड महिन्याच्या सरावाला ऐकत नाही. माझा डावा हात वल्ह्यावरून निघाला. पाठोपाठ उजवा निघाला. दोन्ही छातीपाशी जुळले, आणि मी मानसुद्धा लववली.

"साडभाऊ, हात..." असं मागून ऐकू आलं. बाकीचं वाक्य पाण्यात गेलं.

पाण्याखाली फार शांत असतं. तिथंच राहावं असं एक क्षण वाटलं. वर आलो तर पालथ्या नावेच्या पलीकडून साडभाऊंचं डोकं वर आलेलं होतं, चष्म्याशिवाय, ओलं, एकदम लहान दिसणारं. मी नजर चुकवली. त्यांनी रेघेकडं बघितलं. चाळीस मीटर असेल. नाव उलटली की शर्यत बाद, हे मलाही माहीत होतं. शिव्या येतील म्हणून मी कान पाण्याबाहेर ठेवले होते. त्यांनी तोंडातलं पाणी टाकलं आणि म्हणाले,

"चला."

"कुठं?"

"तिकडे."

आणि ते नाव ढकलत पोहायला लागले. मीही लागलो. पंचांची मोटरबोट जवळ आली. "काका, तुमची शर्यत बाद झाली, वर या," त्यातला तरुण म्हणाला. "तुमची शर्यत बाद झाली गा," साडभाऊ धापा टाकत म्हणाले, "आम्ही आपलं जाऊन राहिलो." मागं पुढच्या शर्यतीच्या नावा खोळंबल्या. निवेदकाला काय जाहीर करावं कळेना, शेवटी त्यानं जेवणाची पाकिटं तयार असल्याचं जाहीर केलं. त्याच सुमाराला आम्ही लाल गोळ्यांच्या मधून पलीकडे गेलो आणि काठावर टाळ्या झाल्या. त्या आमच्यासाठी होत्या की पाकिटांसाठी, याचा उलगडा मला अजून झालेला नाही.

काठावर सासूबाई पहिल्यांदा माझ्यावर रागावलेल्या मी पाहिल्या. "मी तं देवाले हात जोडून राहिली होती, का बुडू नको देऊ माह्या जवायाईले. तुम्ही काहून मधात आले जवाईबापू?" साडभाऊ पायरीवर बसले होते, दोन्ही हातांनी उजवा गुडघा धरून. ताईंनी पिशवीतलं मऊ कापड काढलं आणि त्यांचं डोकं पुसलं.

आठ दिवसांनी ऑपरेशन झालं. नाव त्यांनी क्लबातल्या मुलांना देऊन टाकली. दिवाणखाना मोठा दिसतो आता, पण आम्ही सगळे अजून त्या नसलेल्या नावेला वळसा घालूनच स्वयंपाकघरात जातो. परवा नवा गॅसवाला सिलिंडर घेऊन सरळ मधून गेला तर ताई दचकल्या. शर्यतीचा विषय ताई काय, साडभाऊ काय, माझ्याकडं कधी काढत नाहीत. मीच एकदा काढला, तर साडभाऊ म्हणाले, "मागून दिसलं होतं मले. तुमचा हात निघाला तसा. मागावर धागा तुटताना दिसते ना, पण मशीन थांबेपर्यंत तुटूनच जाते, तसं." आणि थोड्या वेळानं, "नमस्कार मात्र चांगला केला तुम्ही. पूर्ण वाकून." ते थट्टा करत होते की नाही हे मी चेहऱ्यावरून शोधत होतो. सापडलं नाही.

या जानेवारीत ते स्वतःच ताईंना म्हणाले, "लावून टाक कॅलेंडर त्या खिळ्याले." ताई हातात कॅलेंडर घेऊन उभ्या होत्या. त्यांनी खिळ्याकडं बघितलं. "राहू द्या," त्या म्हणाल्या, "स्वयंपाकघरातच बरं दिसते ते. दुधाची खाडं मांडायले जवळ पडते." आणि आत गेल्या.

मे महिन्यात दुपारी लाइट जाते. लगेच सासूबाईंचा मला फोन येतो, "या जवाईबापू, जीव घाबरून राहिला." मी जातो. पाटावर डावा गुडघा टेकतो. मागं खुर्चीवर साडभाऊ बसतात, नवा पाय सरळ पुढं ठेवून. ते मोजतात, मी ओढतो. ताटीचा ओला वास येतो, पंखा घरघरतो, सासूबाईंचा पदर खांद्यावर येतो. पन्नासला साडभाऊंचा आवाज तसाच हळू होतो. पंचावन्नला सासूबाई डोळे घट्ट मिटतात आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरतात, पोर परीक्षेत कॉपी लपवतं तसे. मला मागं बघायला बंदी आहे, पण समोरच्या खिडकीच्या काचेत दिसतं: साडभाऊंचा तो मोठा उजवा खांदा खुर्चीत बसल्या बसल्या माझ्याबरोबर पुढं जातो आणि मागं येतो, शेवटी मनगटाचा तो नाजूक पीळही देतो, नाव सरळ राहावी म्हणून. अडुसष्ट, एकोणसत्तर, सत्तर.

"पोचलो," ते म्हणतात.

समोर वऱ्हांड्याची भिंत असते. सासूबाई मांड्यांखालून हात काढतात आणि पदर सारखा करतात. "पोचले तं पोचले," त्या म्हणतात, "थांबले काहून? पुन्हा."